माझ्या नावावरची पावलं

बोपोडी, पुणे
रविवार, १९ ऑगस्ट २०१८

प्रिय कोंडीराम,

सप्रेम जयभीम.

हे पाकीट तुझ्या राकेशच्या हातून येईल, पण फोडायचं तू आणि वाचायचंही तूच. वाचून दाखव म्हणून कुणाला देऊ नकोस, गोदावहिनींना तर नाहीच. चष्मा लाव आणि आधी उठून बस. भिंतीकडे तोंड करून पडल्यापडल्या वाचण्यासारखं यात काही नाही. जूनपासून तू माझा फोन उचलत नाहीस आणि परवा निरोप आला की दाजींना म्हणावं, आता येऊ नका. ठीक आहे, नाही येत. पत्र आलं तर ते काही तुला दारातून परत पाठवता येणार नाही. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत मी जे काही लिहिलं ते रिजेक्शनच्या चिठ्ठ्यांवर, दोन ओळींच्या वर कधी गेलो नाही. तेव्हा भाषा सांभाळून घे.

राकेशनं मला सगळं सांगितलंय. जखम जुलैतच पूर्ण भरली. डाव्या पायाची दोन बोटं गेली, पण टाच शाबूत आहे, चवडा शाबूत आहे. तुझ्या पायाच्या मापाचा बूट करून आणलाय आणि तो पलंगाखाली खोक्यातच पडून आहे. वॉकरवर गोदावहिनी टॉवेल वाळत घालतात. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना तू दोनदा आल्यापावली परत पाठवलंस. डॉक्टरांनी राकेशला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी दोन महिने हा माणूस असाच पडून राहिला तर मांड्यांतलं बळ जाईल, मग उभं राहायचं मनात आलं तरी पाय साथ देणार नाहीत. आणि तू म्हणे सगळ्यांना एकच ऐकवतोस, 'दाजीचं बघा, माझ्याच वयाचा, रोज बारा हजार पावलं चालतो. माझंच शरीर नादार निघालं, त्याला कोण काय करणार?' कोंडीराम, हे वाक्य मला राकेशनं फोनवर सांगितलं. तू उभं राहावंस एवढंच मला हवंय, आणि त्यासाठी जे सांगावं लागणार आहे ते वाचल्यावर तू माझं तोंडही पाहणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे.

फॅक्टरीत तू लेथवर आणि मी तपासणीत. तू जॉब करून पाठवायचास आणि मी त्याला मापाचं गेज लावायचो. केसाएवढा फरक निघाला तरी लाल खडूची फुली. एकदा एका दिवसात तुझे एकवीस जॉब मी परत पाठवले. मधल्या सुट्टीत तू डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलास आणि संध्याकाळी मात्र नेहमीसारखा माझ्याबरोबर सायकल घेऊन निघालास. म्हणालास, 'तात्या, गेज खोटं बोलत नाही. तुझ्यावर राग धरून काय करू?' त्याच भरवशावर तू मला तुझी बहीण दिलीस. वडील गेल्यावर स्वतःची शाळा सोडून तू अप्रेंटिस झालास आणि इंदूला मॅट्रिक केलंस. म्हणायला बहीण, पण वाढवली होतीस मुलीसारखी. विहारात आमचं लग्न लागलं तेव्हापासून मी फॅक्टरीत तात्या आणि घरी दाजी.

फक्त एका जागी तू दाजीचा मान कधी राखला नाहीस. दर वर्षीच्या स्पोर्ट्समध्ये जलद चालण्याची शर्यत असायची. तेरा वर्षं आपण दोघं उतरलो आणि तेरा वर्षं तू पहिला, मी दुसरा. पहिल्याला स्टीलची कळशी, दुसऱ्याला पेला. माझ्या घरात अजून तेरा पेले आहेत. इंदू पाहुण्यांना त्यातूनच पाणी द्यायची आणि वर सांगायचीही, हा ब्याऐंशीचा, हा त्र्याऐंशीचा. पाहुणे हसायचे, मीही हसायचो. पण हसलं म्हणजे माणूस विसरला असं नसतं, हे पुढे माझं मलाच कळलं.

मग आली तुझ्या आम्रपालीची ती मनगटावरची पट्टी. आम्हाला मूलबाळ नसल्यामुळे आम्रपाली निम्मी आमचीच, त्यामुळे तिच्या कंपनीनं काहीही काढलं की पहिलं गिऱ्हाईक मी. गेल्या नोव्हेंबरात विहारात रविवारची वंदना झाल्यावर तिनं आपल्या सात रिटायर्ड मंडळींना सतरंजीवर बसवून एकेकाच्या हाताला पट्टी बांधली. साठीनंतरची माणसं घरात बसून आखडतात, त्यांना हलतं ठेवायचं, तुम्ही चाललात की पट्टी पावलं मोजणार, मोबाइलवर आकडा येणार आणि रोज सकाळी सहाला सातजणांची यादी लागणार, पहिल्याच्या नावापुढे झेंडा. ग्रुपला नाव काय द्यायचं म्हणून तिनं विचारलं तर तू लगेच म्हणालास, 'चालते व्हा.' पोरगी हसून हसून सतरंजीवरच बसली. आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं. महिन्याभरात तुझी शुगर दोनशे चाळीसवरून एकशे साठवर आली. गोदावहिनींचा फोन आला होता, की हे आता न सांगता पहाटे उठून कालव्यापर्यंत जाऊन येतात, पोरीनं जादू केली. तुमच्या मांजरीत आता टॉवर उभे राहिले असले तरी कालव्याकडच्या बाजूला अजून ऊस आहे, तिथलं चालणं तुला मानवलं होतं. तू पाच हजारांवर होतास, कधी सहा. मी तळाला होतो. तीन हजार, कधी अडीच. ग्रुपवर मला 'पेन्शनर' म्हणायला लागले, जणू बाकीचे सगळे कामावर जात होते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी यादी लागली आणि माझ्या नावापुढे अकरा हजार दोनशे चार. पुढे झेंडा. तू लगेच लिहिलंस, 'दाजी, कुठल्या पंपावर भरता?' मी चष्मा पुसून ते तीनदा वाचलं. तेव्हाच एका ओळीत खरं काय ते लिहिता आलं असतं. मी लिहिलं, 'साधी राहणी आणि स्वच्छ मन.' दुसऱ्या दिवशी दहा हजार नऊशे, तिसऱ्या दिवशी बारा हजार. सगळे जयभीम, जयभीम करत अंगठे दाखवू लागले. कोंडीराम, सासष्टाव्या वर्षी मी यादी बघायला पावणेसहाला उठून बसायचो. तू सात हजारांवर आलास तेव्हा मी विचारलं, मांजरीची हवा मानवत नाही का, की उसाचा रस जास्त होतोय? आणि फेब्रुवारीत, तू नऊ हजार करून दुसरा आलास त्या सकाळी, मी सहाजणांसमोर लिहिलं, 'कळशीवाले, एक पेला पाठवून देऊ का?' त्या आठवड्यात तू नवे कॅनव्हासचे बूट घेतलेस, हे मला फार उशिरा कळलं.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक. पहाटे एक फेरी, संध्याकाळी एक, आणि आकडा कमी पडला तर दुपारी बाराच्या उन्हात तिसरी. शुगरमुळे पाय बधिर, त्यामुळे बूट कुठे चावतोय ते कळत नव्हतं. करंगळीला फोड आला, फुटला, मोजा रक्तानं चिकटला. गोदावहिनींनी विचारलं तर तू म्हणालास, कालव्याचा चिखल आहे. एप्रिलच्या उन्हाच्या कडाक्यात कालव्यावर कसला चिखल? बाविसाव्या तारखेला तू तेरा हजार एकशे चाळीस पावलं चाललास, यादीत पहिला आलास आणि लिहिलंस, 'पेला साभार परत.' मला राग आला होता, खरंच सांगतो. त्यानंतर नवव्या दिवशी तुला थंडी भरून ताप आला आणि हडपसरच्या हॉस्पिटलात मोजा कात्रीनं कापून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आला असता तर बोटं वाचली असती.

मी दोनदा तुला बघायला आलो, दोन्ही वेळा वीस मिनिटांत निघालो. दुसऱ्या वेळी तुझ्या पायावर पांढरं बँडेज होतं, सलाईन चालू होतं, आणि तू डोळे उघडून पहिला प्रश्न विचारलास, 'दाजी, आज किती झाली?' मी खिशातून मोबाइल काढला. बघितलं. आणि म्हणालो, 'अकरा हजार.' तू मान डोलावलीस आणि तोंड फिरवलंस. आयुष्यभर लोकांच्या कामावर लाल फुल्या मारल्या मी. त्या दिवशी त्या खाटेजवळ माझ्या कपाळावर एक मारायला हवी होती कुणीतरी.

कोंडीराम, ती पावलं माझी नव्हती. जानेवारीपासून आजतागायत एक पाऊल माझं नाही. मी दिवसभरात भाजीला आणि दुधाला खाली उतरतो, तेही शेजारच्या बाईंना घरात बसवून, तेवढंच माझं चालणं. ती सगळी पावलं इंदूची आहेत. आता जे लिहितो ते हळू वाच. इंदू आजारी आहे. तिचा गुडघा धरलेला नाही, ते मी तुला खोटं सांगितलं. तिला विसर पडतोय, आणि तो वयाचा विसर नाही.

दीड-दोन वर्षांपूर्वी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. मी टोमणे मारायचो, माझ्या स्वभावाप्रमाणे. मग एका रविवारी विहारात बायकांची वंदना ती सांगत होती, चाळीस वर्षं पाठ असलेली, आणि मधेच थांबली. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ती हसली आणि म्हणाली, घसा बसलाय. घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून रडली. गेल्या डिसेंबरात मी आंघोळीला गेलो असताना ती घराबाहेर पडली. दोन तास शोधलं. सापडली आपल्या जुन्या क्वार्टरच्या फाटकापाशी, पायात घरातल्या सपाता, तिथल्या पहारेकऱ्याला सांगत होती की आत माझं दूध उतू जाईल, मला सोडा. सहा वर्षं झाली ते घर सोडून. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मॅट्रिक झालेली तुझी बहीण, तिनं सगळे आकडे एकाच बाजूला काढले. डॉक्टर म्हणाले, हा आजार मागे फिरत नाही, फक्त थोडा सावकाश नेता येतो.

जिना उतरताना तिनं माझी बाही धरली. त्या दिवशी ती अगदी शुद्धीत होती. म्हणाली, 'अहो, दादाला सांगू नका. त्यानं स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं. त्याला वाटेल सगळं पाण्यात गेलं.' मी तिला शब्द दिला. तू माझ्यावर चिडशील तेव्हा एवढं ध्यानात घे की निम्मी लपवाछपवी या शब्दापायी झाली. उरलेली निम्मी माझी, तिला काही सबब नाही.

त्यानंतर तिला चालण्याची अस्वस्थता सुरू झाली. सकाळी डोळे उघडले की उठायची आणि हॉलमध्ये फेऱ्या घालायची. गॅलरीपासून दारापर्यंत चौदा पावलं. तिथे थांबायची, वळायची, परत चौदा. बस म्हटलं की बसायची, मी पाठ वळवली की पुन्हा उठायची. म्हणून मी घराबाहेर पडत नव्हतो, म्हणून माझे तीन हजारांचे अडीच झाले. जानेवारीत एकदा मी पट्टी काढून टेबलावर ठेवली होती. तिनं ती स्वतःच्या मनगटात घातली आणि मला दाखवायला आली, नव्या घड्याळासारखी. लग्नात घड्याळ देईन म्हणालो होतो, ते राहूनच गेलं होतं. मी काढायला गेलो तर तिनं हात छातीशी घट्ट धरला. म्हटलं, राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नावापुढे अकरा हजार दोनशे चार.

मी सांगायला हवं होतं, पण मला तेरा पेले आठवले. आणखी एक सोय झाली, तीही कबूल करतो. विहारात का येत नाही, नामकरणाला का आला नाहीत, भेटायला का येत नाही, सगळ्याला एकच उत्तर मिळालं, चालायला जातो, दमतो. आकडा साक्षीला होता. कुणी शंका घेतली नाही. माझ्या घरात जे चाललं होतं ते सहाजणांच्या मोबाइलवर रोज सकाळी सहाला जात होतं आणि त्याला झेंडा मिळत होता. एक आजारी बाई दार ते गॅलरी करत होती आणि तू उन्हातान्हात तिच्याशी शर्यत लावत होतास. तुझ्या बहिणीशी. आणि मी मधे उभा राहून तुला पेल्यावरून टोचत होतो.

हॉस्पिटलात इंदू आली नाही म्हणून गोदावहिनींनी मला फोनवर झाडलं ते योग्यच होतं. 'सख्खी बहीन हाय का कोन वो? भावाची बोटं कापली तरी तिचा पाय निघंना घरातनं.' मी ऐकून घेतलं. मागे इंदू दारापासून वळत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज वहिनींना ऐकू जाईल म्हणून मी फोनवर हात धरला. त्यांना माझ्या वतीनं एवढंच सांग की इंदूचा पाय घरातून निघत नाही, पण थांबतही नाही.

आम्रपालीनं मात्र पकडलं. जुलैच्या शेवटी कंपनीनं तो प्रयोग आवरता घेतला तेव्हा सगळ्यांची मोजणी तिच्या कॉम्प्युटरवर आली. शनिवारी न कळवता हिंजवडीहून थेट आमच्या दारात. मला म्हणाली, 'काका, तुम्ही कुठल्या मैदानावर चालता? चौदा पावलं, थांबा. चौदा पावलं, थांबा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. असं कुणी चालत नाही.' तेवढ्यात इंदू आतून आली, तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? आम्रपाली पाणी प्यायली. पाच मिनिटांत इंदूनं पुन्हा पाणी आणलं, मग पुन्हा. पोरीनं तिन्ही पेले संपवले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. माझ्यावर ओरडली नाही. म्हणाली, 'आम्हाला वाटलं यादी लावली की चुरस लागेल, चुरस लागली की माणसं चालतील. यादीत खाली असणाऱ्याचं काय होईल ते आम्ही मोजलंच नाही.' जाताना एवढंच बजावलं, 'बाबांना तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर ती तुमची तक्रार होईल.' तीन आठवडे तिनं तोंड मिटून ठेवलंय. बापाच्या पायाशी बसून तीन आठवडे गप्प राहणं तिला किती जड गेलं असेल ते तूच ओळख.

तेव्हा तुझं शरीर नादार आहे हे डोक्यातून काढ. त्या यादीत कुणी तुझ्यापुढे नव्हतं. पट्टीचं मोजणं चोख होतं, खोटा होता तो नाव लावणारा. कालव्यापर्यंत जाऊन तू शुगर खाली आणलीस ती तुझ्या पायांनी, आणि ते पाय अजून आहेत, आठ बोटांनिशी. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. मी तुझ्या जागी असतो तर केलं नसतं. माझी दोन बोटं कापून तुझी परत लागणार असती तर हे पत्र लिहायचे कष्ट घेतले नसते, सरळ हॉस्पिटलात जाऊन बसलो असतो. पण माझ्यापायी झोपून राहू नकोस. राग आहे ना, तो उभ्यानं धर.

एवढं सगळं मी तीन आठवडे टाळलं आणि आजही टाळलं असतं. पण गेल्या रविवारी सकाळी इंदू दारापाशी थांबली, वळलीच नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, 'दादा, आलास?' ती मला तू समजली. महिनाभर मला ती नावानं ओळखत नाहीये, 'अहो' सुद्धा म्हणत नाही. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, 'हो, आलो.' ती आत गेली, पिशवीत एक पातळ, कंगवा आणि टॉवेल भरून घेऊन आली आणि खुर्चीवर बसली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला सायकलवरून मांजरीला आईकडे न्यायचास, त्या वेळेसारखी. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर, चेहरा इतका शांत की मी आठ महिन्यांत तसा पाहिला नव्हता. थोड्या वेळानं म्हणाली, 'दादा, निघायचं ना? आई वाट बघत असेल.' मी म्हणालो, निघू थोड्या वेळानं. तिनं विश्वास ठेवला आणि दुपारपर्यंत तशीच बसून राहिली, मग हळूहळू रडायला लागली, आवाज न करता. यादी बंद झाली तरी पट्टी अजून तिच्या हातात आहे; दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघितलं तर सहाशे बारा पावलं. तेव्हा मला कळलं की ती आठ महिने कुठे चालली होती. ती तुला बघायला दारापर्यंत जात होती, रोज, आणि तू नाहीस म्हणून परत वळत होती. तिची पावलं मी माझ्या नावावर घेतली, आता तुझ्या नावानं मला ओ द्यायची नाही. डॉक्टर म्हणतात, आवाज आणि चेहरा आणखी काही महिने ओळखेल, नंतरचं सांगता येत नाही. गाडीत बसवलं की ती घाबरून दार उघडायला बघते, त्यामुळे तिला तुझ्याकडे आणता येत नाही. तुलाच यावं लागेल. राकेश फाटकापर्यंत गाडी आणेल, आम्रपाली एका बाजूनं धरेल. आमच्याकडे लिफ्ट नाही, दोन मजले आहेत, छत्तीस पायऱ्या. आजपासून वॉकर धरून घरातल्या घरात सुरू कर, किती दिवस लागायचे ते लागू देत. तू येशील त्या दिवशी मी हवं तर खाली थांबेन, वर येणार नाही. फक्त आधी कळव, म्हणजे मधल्या वळणावर तुला बसायला खुर्ची आणून ठेवतो.

तुझाच,
तात्या
(दाजी म्हणायचं की नाही, ते वर आल्यावर ठरव.)